तुरा सुटण्याआधी: माऊई बेटावर पंपास गवत ओळखायचं कसं, काढायचं कसं

पंपास गवताचं बी अल्पायुषी असतं. जमिनीवर पडलेलं बी सहसा सहा महिन्यांच्या आत उगवतं किंवा मरून जातं. हवाईतल्या माऊई बेटावर ज्यांची या गवताशी गाठ पडते, त्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवलं तरी कामाची दिशा ठरते. त्याच बेटावरचं दुसरं उपद्रवी झाड म्हणजे मायकोनिया. त्याचं बी मातीत पंधरा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहतं. तोडणारा थकतो, बियांचा साठा संपत नाही. पंपासचं तसं नाही. एकही तुरा पिकू दिला नाही आणि फेऱ्या चुकवल्या नाहीत, तर आवारातला उतार काही वर्षांत खरोखर मोकळा होतो. या दोन्ही अटी पाळायच्या कशा, ते पुढे लिहिलंय. ज्यांच्या अंगणात, कुरणात किंवा शेजारच्या रस्त्याकडेला हे ठोंब उभे आहेत आणि जे स्वयंसेवक म्हणून तण काढायला जातात, त्यांच्यासाठी हे आहे. आपल्याकडच्या मंडपसजावटीचाही या गवताशी संबंध आहे, त्याबद्दल शेवटी.

ते तिथे आलं कसं

बागेतून आलं. माणसानेच लावलं, शोभेसाठी. पंपास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन जाती आहेत. कोर्टाडेरिया जुबाटा ही अँडीज पर्वतरांगेतली, म्हणजे इक्वेडोर, पेरू, बोलिव्हियाकडची. कोर्टाडेरिया सेलोआना ही अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधली. माऊईवर दोन्ही पोचल्या. जुबाटाचा खोडसाळपणा वेगळाच आहे. तिची सगळी झाडं मादी असतात आणि परागीभवन न होताच बी धरतात. म्हणजे पंचक्रोशीत एकच ठोंब असला तरी पुरे. सेलोआनाची मादी झाडं वेगळी आणि परागकण देणारी झाडं वेगळी. त्यामुळे 'आमच्याकडे एकच आहे, ते काय पसरणार' असं म्हणत लोकांनी ती वर्षानुवर्षं राखली. मग शेजाऱ्याने दुसरं रोप आणलं.

एका तुऱ्यात लाखभर बिया असू शकतात आणि मोठ्या ठोंबाला असे कित्येक तुरे येतात. बी केसाळ आणि हलकं, वाऱ्यावर मैलोगणती जाणारं. ईशान्येकडून जवळजवळ वर्षभर व्यापारी वारे वाहणाऱ्या बेटावर बियांना वाहन शोधावं लागत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे गवत हालेआकाला राष्ट्रीय उद्यानात सापडलं, तेव्हा कुठे सगळे खडबडून जागे झाले. तीन हजार मीटरहून उंच असलेल्या या ज्वालामुखीच्या अंगावर अहिनाहिना नावाचं चंदेरी पात्यांचं झाड उगवतं. त्याची तिथली उपजात जगात दुसरीकडे कुठेही नाही. बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात पुउ कुकुई हे शिखर आहे. तिथे वर्षाला सरासरी नऊ मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या आंबोलीपेक्षा जास्त. त्या ओल्या कड्यांवर दरडी कोसळतात, माती उघडी पडते आणि पंपासच्या बीला नेमकी तीच हवी असते: ओली, उघडी, ऊन लागणारी जमीन. हवाईची मूळ झाडं संथ वाढतात. दरड भरून यायला त्यांना वर्षं लागतात आणि पंपास तोवर दुसऱ्या पिढीच्या तुऱ्यावर आलेलं असतं. सर्वांत जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर असलेल्या या बेटांवरच्या मूळ सपुष्प वनस्पतींपैकी दहांतल्या जवळपास नऊ फक्त तिथेच आढळतात. एक कडा गेला म्हणजे काय गेलं, ते यावरून समजावं.

आधी खात्री करा

उंच गवत आणि वर तुरा एवढ्यावर कोयता चालवू नका. माऊईवर ऊस आहे, नेपियर गवत आहे, दुसरी तुरेवाली शोभेची गवतंही आहेत. व्यापारी ऊसशेती २०१६ साली बंद झाली, तरी पडीक रानात ऊस अजून दिसतो. लांबून फसगत होते, जवळ गेल्यावर होत नाही.

ऊस आणि नेपियरला कांडी असते. पंपासला उभी कांडी नसते. सगळी पाती थेट बुडातून कारंज्यासारखी वर येऊन खाली झुकतात. मधोमध फक्त तुऱ्याचा दांडा सरळ उभा राहतो. ठोंबाच्या बुडाशी हात घालायच्या आधी तिथली वाळलेली पाती बघा. रंधा मारल्यावर लाकडाचा कीस जसा गोल वळतो, तशी ती वळलेली असतील तर संशयाला फार जागा उरत नाही. मग एक हिरवं पातं दोन बोटांत अलगद धरा आणि टोकाकडून बुडाकडे अगदी हळू सरकवा. बारीक दात बोटाला धरतील. हातमोजा घालूनच करा. नुसत्या बोटांनी केलंत तर रेघ उमटते आणि घामाने ती दिवसभर चुरचुरते.

दोन जातींतला फरक काढता आला तर उत्तम. जुबाटाची पाती गडद हिरवी. तिचा कोवळा तुरा गुलाबी-जांभळट, नंतर पिवळट-पांढरा होतो आणि पानांच्या बराच वर उभा राहतो. सेलोआनाची पाती निळसर-करडी छटा असलेली, तुरा पांढऱ्याकडे झुकणारा आणि पानांच्या फार वर न जाणारा. फरक जमला नाही म्हणून काम अडवू नका. काढायची पद्धत दोन्हींना एकच आहे.

फोटो काढा: अख्खा ठोंब, बुडखा आणि तुरा. फोनमधल्या नकाशावर जागेची खूण करा. मग कळवा. माऊईवर आक्रमक प्रजातींसाठी माऊई इन्व्हेसिव्ह स्पीशीज कमिटी काम करते आणि पंपास त्यांच्या कायमच्या लक्ष्यांपैकी एक आहे. आपण एक ठोंब काढणार असलो तरी कळवायचं, कारण त्यांच्या नकाशावर तो ठिपका आला की वाऱ्याच्या दिशेला आणखी कुठे शोधायचं ते त्यांना कळतं. जुबाटा हवाई राज्याच्या उपद्रवी तणांच्या अधिकृत यादीत आहे, त्यामुळे 'शोभेचं आहे, राहू दे' याला जागा नाही.

कड्यावरचं गवत मात्र आपलं काम नव्हे, मग तुम्ही सह्याद्रीत कितीही गड चढलेले असा. ज्वालामुखी खडक ठिसूळ असतो, हातात येतो. तिथे प्रशिक्षित पथकं जातात आणि शोधासाठी हेलिकॉप्टर वापरलं जातं. आपण खालून दुर्बिणीने बघून जागा सांगायची. ते कामही कमी मोलाचं नाही.

वेळ कोणती

तुरा येण्याआधी कधीही. साधारणपणे जुबाटा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुलायला लागते. सेलोआना तिच्या मागून आणि तिचे तुरे पार हिवाळ्यापर्यंत टिकतात. पण हवाईत ऋतूंच्या सीमा पुसट आहेत, वरच्या थंड उतारावर आणि खाली किनाऱ्याजवळ महिन्यांचा फरक पडतो. जुलैपासून दर दोन आठवड्यांनी ठोंबाकडे नजर टाका. पोटरीत तुरा दिसला की कामाला लागा. रोप उगवल्यापासून दोन-तीन वर्षांत तुऱ्यावर येतं, म्हणजे गेल्या वर्षी गुडघ्याएवढं असलेलं रोप यंदा निष्पाप समजू नये.

तुरा आला असेल तर

बहुतेकांची घाई इथेच नडते. ठोंब खणायच्या आधी तुरा उतरवायचा आणि तुरा कापायच्या आधी त्यावर पिशवी चढवायची. क्रम उलटा केला तर कोयत्याच्या पहिल्याच घावाने दांडा हलतो आणि पिकलेलं बी हवेत सुटतं.

वारा पडलेली सकाळ निवडा. दव असेल तर अधिक चांगलं, ओला तुरा उडत नाही. कचऱ्याची मोठी जाड पिशवी तुऱ्यावर वरून सावकाश उतरवा. एकाने पिशवीचं तोंड दांड्याभोवती मुठीत आवळून धरायचं, दुसऱ्याने मुठीच्या हातभर खाली छाटणीच्या कात्रीने दांडा कापायचा. कोयता नको, त्याने हिसका बसतो. पिशवी उलटी करून तोंड बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला, पुन्हा बांधा. तुरा अजून कच्चा, मिटलेला दिसत असला तरी हेच करा. कापून जमिनीवर टाकलेल्या तुऱ्यात बी पक्व होऊ शकतं. जुबाटाला तर परागकणांची वाट बघायचीच नसते.

पिशव्या हिरव्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये जाता कामा नयेत. स्थानिक यंत्रणा सांगेल तशी विल्हेवाट लावायची. बहुधा ती बंद पिशवीसकट कचराभूमीत होते. पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यातून तुरे नेणं म्हणजे रस्ताभर पेरणी करत जाणं.

उपटणं आणि खणणं

रोप वीतभर असेल तर हातानेच. पावसानंतर माती मऊ असताना बुडाशी धरून सरळ वर ओढा. कोरड्या मातीत पातं तुटून हातात येतं आणि बुडखा खालीच राहतो.

कमरेएवढ्या ठोंबाला टिकाव, पहार आणि दोन माणसं लागतात. अंगावर जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवा. गॉगल लोक टाळतात आणि वाकल्यावर पात्याचं टोक नेमकं डोळ्याकडे येतं. काम सुरू करण्यापूर्वी काठीने ठोंब झोडपा. वाळल्या पानांत उंदरांची घरटी आणि गांधीलमाशांची पोळी असतात.

मग पाती जमिनीपासून फूटभर ठेवून कापा. बाहेरची वाळलेली आधी, आतली हिरवी नंतर. आता बुडखा उघडा दिसेल. त्याच्या कडेने वर्तुळात टिकाव मारत मुळं तोडत जा. पंपासची मुळं खोल जातात, पण ती सगळी काढावी लागत नाहीत. फुटवा येतो तो बुडख्यातून. बुडखा आणि मुळांचा वरचा भाग सबंध निघाला की झालं. एका बाजूने पहार घालून उचलताना खालून दोरा तुटल्यासारखे आवाज येतात. ते थांबले नसतील तर बुडखा अजून कुठेतरी धरलेला आहे, ओढाताण न करता त्या बाजूला पुन्हा टिकाव मारा. तुकडा मागे राहिला तर उसाचा खोडवा फुटावा तसा तो फुटतो.

काढलेला बुडखा तिथेच टाकून जाऊ नका. ओल्या जमिनीला टेकलेला बुडखा पुन्हा मूळ धरतो. माती झटकून, मुळं आकाशाकडे करून, खडकावर किंवा ताडपत्रीवर वाळत ठेवा. पुउ कुकुईच्या बाजूला, जिथे काहीच वाळत नाही, तिथे पिशवीत भरून खाली आणण्यावाचून इलाज नाही. जड असतं, आधीच सांगून ठेवतो.

पेटवून देणं हा उपाय नव्हे. वरचं जळतं आणि बुडखा पावसानंतर हिरवा होतो. शिवाय ८ ऑगस्ट २०२३ ला माऊईवरचं लाहाइना शहर जळालं, त्यात पडीक ऊसमळ्यांवर माजलेल्या परक्या गवतांनी आगीला इंधन पुरवलं होतं. ती गवतं पंपास नव्हती, पण पंपासच्या ठोंबात वाळल्या पात्यांचा साठा कमी नसतो. शेळ्या सोडायची कल्पनाही कोणीतरी सुचवतंच. हवाईत मोकाट शेळ्यांनी मूळ झाडांची जी दाणादाण उडवली आहे ती पाहता, हा सल्ला ऐकून सोडून द्यावा.

तणनाशक कधी

माणसापेक्षा उंच, दोन-तीन मीटर घेराच्या ठोंबाला खणणं व्यवहार्य नसतं, आणि तीव्र उतारावर एवढा खड्डा पाडला तर धूप सुरू होते. तिथे ग्लायफोसेटसारखं पानांतून मुळापर्यंत उतरणारं तणनाशक वापरतात. थेट फवारलं तर बरंचसं औषध वरच्या वाळल्या पात्यांवर वाया जातं. म्हणून आधी ठोंब फूटभर उंचीवर कापायचा, नवी हिरवी पाती गुडघ्याएवढी येऊ द्यायची आणि त्यांवर फवारायचं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक पत्रकांत साधारण दोन टक्क्यांचं द्रावण आणि सोबत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचं द्रव्य, सांगतात. पानं ओली व्हावीत, औषध ठिबकू नये. मात्र डब्यावरच्या लेबलवर जे लिहिलंय ते अंतिम. अमेरिकेत लेबल मोडणं हा कायद्याचा भंग आहे. ओढ्याच्या काठी पाण्याजवळ वापरायला परवानगी असलेलंच मिश्रण चालतं. वारा असेल, पाऊस दिसत असेल तर पंप खाली ठेवा. ग्लायफोसेट हिरव्या झाडांत भेद करत नाही. ठोंबाला टेकून एखादं देशी नेचं उभं असेल तर ते आधी पुठ्ठ्याने झाका.

पिवळेपणा यायला आठवडे लागतात. अधीर होऊन मधेच कापू नका, औषध मुळाकडे जायचं थांबतं. मेलेला ठोंबही महिनोन्महिने उभा राहतो. बुडाशी एकही हिरवी पात नाही हे दोनदा पाहिल्याशिवाय काम संपलं म्हणू नये.

निघताना

बुटांच्या खाचा, मोजे, वेल्क्रो, पाठपिशवीच्या शिवणी, गाडीतली पायपुसणी. बी इथे अडकतं. गाडीत बसायच्या आधी, त्याच जागेवर, ताठ ब्रशने सगळं झाडा. माऊईवर ही सवय दुसऱ्या कारणानेही लागलेली असते. तिथल्या ओहिआ झाडांना मारणाऱ्या बुरशीसाठी बूट घासून त्यांवर ७० टक्के अल्कोहोल मारायला सांगतात. दोन्ही कामं एकदमच होतात.

मोकळी जागा मोकळी ठेवू नका

खणलेली माती म्हणजे पुढच्या बियांना आमंत्रण. त्याच दिवशी आच्छादन घाला आणि देशी काहीतरी लावा. खालच्या कोरड्या भागात पिली गवत चांगलं. आपल्याकडे माळरानावरून चालताना ज्याची कुसळं पायजम्यात घुसतात, ते कुसळी गवत ते हेच. हवाईत जुन्या घरांची छपरं त्याने शाकारत. मधल्या उंचीवर आआलीई चालतं. तेही ओळखीचंच, आपल्याकडे कुंपणाला लावतात ती डोडोनिया. रोपं स्थानिक रोपवाटिकेतली, बेटावरच्याच बियांपासून केलेली घ्या. उलट बाजू पाहायची तर आपलं जांभूळ आणि सोनटक्का ही तिथली आक्रमक झाडं आहेत. मायेपोटी लावायला जाऊ नका.

फेऱ्या

सहा महिन्यांनी एक फेरी, हे किमान. जुनं बी तोवर संपलेलं असतं. जे उगवलेलं दिसेल ते सुटलेलं रोप तरी असतं किंवा बाहेरून उडून आलेलं. पहिल्या फेरीत बरीच रोपं सापडतील आणि निराशा येईल. ती रोपं वीतभर असतात, तासाभरात उपटून होतात. दुसऱ्या वर्षीही रोपं तितकीच दिसली तर दोष तुमच्या कामात नसून वाऱ्याच्या वरच्या बाजूला कुठेतरी पिकलेला ठोंब उभा आहे. तो शोधा, शेजाऱ्याशी बोला, पुन्हा कळवा. फेरी दोन वर्षं चुकली तर मात्र पाटी कोरी करून पहिल्यापासून सुरुवात, कारण तेवढ्यात रोप तुऱ्यावर येतं.

ऑकलंडकरांसाठी

न्यूझीलंड उष्ण कटिबंधात नाही, पण दोन्ही पंपास तिथेही आहेत आणि आपली बरीच मंडळीही. तिथे घोटाळा होतो तो टोएटोए या देशी गवताशी. हे गवत तोडायचं नाही. हातमोजा घालून पातं जोरात ओढा: पंपासचं तुटतं, टोएटोएचं सहसा तुटत नाही. पंपासच्या पात्याला मधली एकच ठळक शीर असते, टोएटोएला अनेक. बुडाशी वळलेला कीस फक्त पंपासला.

आणि मंडपात

पुण्या-मुंबईत साखरपुड्याच्या बॅकड्रॉपपासून कॅफेच्या कोपऱ्यापर्यंत वाळलेले पंपास तुरे दिसतात. ऑनलाइन बीही विकायला असतं. ते बी घेऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यात तर नकोच. थंड, ओला डोंगर आणि रस्त्यासाठी कापलेल्या उघड्या दरडी ही त्याला आवडणारीच जागा आहे. घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत काढता काढता आपली आधीच दमछाक झालेली आहे. तसलाच देखावा हवा तर पावसाळ्यानंतर नदीकाठी फुलणारी काश पुरेशी सुंदर दिसते. ती इथली आहे, म्हणून इथे चालते. पनामात तीच काश परकी ठरून कालव्याच्या परिसरातल्या जंगलाच्या मुळावर आली आहे. तेव्हा ती परदेशी पार्सलने पाठवायची नाही.

सजावटवाल्याला कापडी किंवा कागदी तुरे वापरायला सांगा, लांबून फरक कळत नाही. खरे तुरे आधीच घरी आले असतील तर गॅलरीत नेऊन झटकू नका. जुने झाल्यावर कुंडीत, गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या. फरशीवर पडलेले केस झाडूने न लोटता ओल्या फडक्याने उचला आणि फडकं बाहेर धुवायच्या आधी ते केस काढून त्याच पिशवीत घाला.